गॅस गिझर : ज्योतीला हवा आणि धुराला वाट

हिवाळा तोंडावर आला की गॅस गिझरच्या कामाचा हंगाम सुरू होतो. नवा गिझर घेणारे गिऱ्हाईक दुकानात येऊ लागतात आणि उन्हाळाभर बंद राहिलेले जुने गिझर चालू करून देण्यासाठी मिस्त्रींना बोलावणी येऊ लागतात. नळकाम करणारे, शेगड्या दुरुस्त करणारे, हार्डवेअर व सॅनिटरी सामानाचे दुकानदार अशा अनेकांचा चरितार्थ या कामाशी जोडलेला आहे आणि या धंद्यांत आपले बंधू मोठ्या संख्येने आहेत.

याच दिवसांत वर्तमानपत्रांत एक बातमीही अधूनमधून येत असते. न्हाणीघराचे दार आतून बंद, हाका मारून उत्तर नाही, दार तोडले तर अंघोळीला गेलेली व्यक्ती जमिनीवर निपचित पडलेली. अंगावर जखम नाही, भाजल्याची खूण नाही, गॅसचा वासही नाही. लोक म्हणतात, गिझर खराब असेल. पुष्कळदा गिझर ठणठणीत असतो, पण तो चुकीच्या जागी बसविलेला असतो.

म्हणून गिझरची देखभाल आणि बिघाड यांची माहिती देताना आम्ही एक गोष्ट आधी सांगू इच्छितो. गॅसच्या उपकरणाला गॅसइतक्याच गरजेच्या आणखी दोन गोष्टी लागतात. ज्योतीला ताजी हवा लागते आणि जळून गेलेल्या वायूला घराबाहेर जाण्याची वाट लागते. ज्या कारागिराला हे दोन धागे सापडले, त्याला निम्मे बिघाड आपोआप समजतात. ज्याला ते सापडले नाहीत, त्याने गिझर कितीही चांगला चालू करून दिला तरी त्याचे काम अपुरेच राहते.

बंबाकडून शिकण्यासारखे

तांब्याचा बंब आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. बंबाच्या मधोमध उभी नळी असते, खाली जाळी असते आणि नळीभोवती पाणी असते. नळीत लाकूडफाटा किंवा कोळसा पेटविला की गरम धूर वर चढतो आणि त्याच्या ओढीने खालच्या जाळीतून ताजी हवा आत येते. वर धुराला वाट आणि खाली हवेला वाट, ही बंबाची सारी करामत.

जुनी माणसे बंब अंगणात, परसात किंवा मोकळ्या पडवीत पेटवीत आणि गरम पाणी बादलीने आत नेत. त्यांना शास्त्र कोणी शिकविले नव्हते. धूर डोळ्यांना झोंबत असे, म्हणून बंब आपोआपच बाहेर राहिला.

गॅस गिझर म्हणजे भिंतीवर टांगलेला बंबच आहे. फरक एवढाच की त्याचा धूर दिसत नाही आणि डोळ्यांना झोंबत नाही. त्यामुळे जी वस्तू बाहेर असायला हवी ती आपण चार फुटी न्हाणीघरात आणून ठेवली आणि वरून दार लावून घेऊ लागलो.

हवेचा हिशेब

आपण व्यापारी आणि कारागीर माणसे, तेव्हा हिशेबानेच बोलू. घरगुती गॅस गिझर साधारणपणे मिनिटाला ६ लिटर पाणी तापविणारा असतो. पाण्याचे तापमान २५ अंशांनी वाढवायचे तर मिनिटाला १५० किलोकॅलरी आणि तासाला ९,००० किलोकॅलरी उष्णता पाण्यात जायला हवी. काही उष्णता वाया जाते. एक किलो एलपीजीपासून सुमारे ११,००० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे पूर्ण ज्योतीवर चालणारा गिझर तासाला सुमारे एक किलो गॅस जाळतो. स्वयंपाकघरातील चार-पाच मोठ्या शेगड्या एकदम पेटवाव्यात, तशी ही ज्योत आहे.

एक किलो गॅस पूर्ण जळण्यासाठी सुमारे १२ ते १३ घनमीटर हवा लागते. आता न्हाणीघर मोजा. चार फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच खोलीत एकूण हवा मावते सुमारे साडेपाच घनमीटर. बंद खोलीतील सगळी हवा गिझर पंचवीस मिनिटांत संपवील, असा याचा अर्थ. घरात चार माणसे एकापाठोपाठ एक अंघोळ करतात आणि मध्ये दार क्षणभरच उघडते. पहिल्या माणसाला काही होत नाही, म्हणून सगळे निर्धास्त राहतात. त्रास होतो तो बहुधा नंतर जाणाऱ्याला.

हवा संपूर्ण संपेपर्यंतही थांबावे लागत नाही. साध्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. तो थोडा घटला तरी गॅस अर्धवट जळू लागतो आणि अर्धवट जळणाऱ्या गॅसपासून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो.

वास आला नाही म्हणून निर्धास्त राहू नका

सिलिंडरमधील गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचा उग्र वासाचा पदार्थ मिसळतात. परंतु गॅस जळला की हा पदार्थही जळून जातो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. ‘गॅसचा वास येत नाही, मग भीती कसली?’ असे म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला ही गोष्ट नीट समजावून सांगितली पाहिजे. वास न जळलेल्या गॅसचा येतो आणि न्हाणीघरात माणूस मरतो तो जळलेल्या गॅसमुळे.

हा वायू श्वासातून रक्तात जातो आणि रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. शरीरात प्राणवायू पोहोचविणारी गाडीच तो अडवून बसतो. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते, मग पायांतली शक्ती जाते. माणसाला कडीपर्यंत हात नेण्याचेही भान राहत नाही. न्हाणीघरात गिझरमुळे बेशुद्ध होण्याच्या या प्रकाराला डॉक्टरांनी ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असे नावच दिले आहे. काही वेळा तो फिट येण्याचा आजार समजला जातो आणि खरे कारण भिंतीवर तसेच लटकत राहते.

गिझर चालतो कसा

बिघाड शोधण्यापूर्वी कामाचा क्रम डोक्यात पक्का असावा. नळ उघडला की पाणी गिझरच्या वॉटर व्हॉल्व्हमधील रबरी पडद्यावर दाब देते. पडदा सरकतो आणि एक बारीक स्विच दाबला जातो. स्विच दाबला की सेलवर चालणारी कंट्रोल पेटी दोन कामे करते. ती ठिणगी पाडू लागते, तोच टिकटिक आवाज आपण ऐकतो, आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडून बर्नरला गॅस सोडते. ज्योत पेटली की तिच्यात असलेली सेन्सरची काडी पेटीला खबर देते आणि टिकटिक थांबते. काही सेकंदांत खबर आली नाही तर पेटी गॅस बंद करते. बर्नरच्या वर तांब्याची पातळ पत्र्यांची पेटी असते. तिच्या नळीतून वाहणारे पाणी तापते आणि जळलेला वायू पत्र्यांमधून वर निघून जातो.

पाणी, स्विच, ठिणगी, गॅस, ज्योत, सेन्सर आणि शेवटी धुराची वाट. बिघाड शोधताना याच क्रमाने जावे. उगाच पेटी बदलून गिऱ्हाईकाच्या माथी खर्च मारू नये.

बिघाड ओळखण्याची रीत

*नळ उघडला तरी टिकटिक नाही.* सर्वप्रथम सेल पाहावेत. दीड व्होल्टचे दोन मोठे सेल असतात. ते उतरलेले असतात किंवा फुटून त्यांच्या पत्र्यांवर पांढरी-हिरवी बुरशी धरलेली असते. पत्रे घासून स्वच्छ करावेत आणि दोन्ही सेल एकदम बदलावेत. सेल ठीक असतील तर पाण्याचा जोर पाहावा. टाकी गिझरपेक्षा साधारण अडीच-तीन मीटर तरी उंच हवी. थंड पाणी जेथून आत येते तेथे एक बारीक जाळी असते. ती वाळूने व गंजाने भरते आणि ती धुतली की अनेक गिझर तेवढ्यानेच चालू होतात. नव्या जोडणीत थंड व गरम पाण्याच्या नळ्या उलट लागल्या नाहीत ना, तेही पाहावे. एवढे करूनही काम झाले नाही तर पडदा फाटला आहे, ताठरला आहे किंवा स्विच गेला आहे असे समजावे.

*टिकटिक होते पण पेटत नाही.* गॅसचा कॉक बंद असेल, सिलिंडर संपत आला असेल किंवा नव्या जोडणीत नळीत हवा अडकली असेल. शेगडी पेटवून गॅसचा जोर पाहावा. गॅस येत असेल तर ठिणगी पाहावी. ठिणगीची काडी आणि बर्नर यांत साधारण ३ ते ५ मिलिमीटर अंतर असावे. काडीचे चिनी मातीचे आवरण तडकले असेल तर ठिणगी भलतीकडे पडते. ठिणगी बरोबर असून गॅस पुढे येत नसेल तर सोलेनॉइड तपासावे.

*पेटतो आणि काही सेकंदांत विझतो.* बहुधा सेन्सरच्या काडीवर काजळी बसलेली असते किंवा ती ज्योतीतून बाजूला सरकलेली असते. बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने पुसून ती जागेवर आणावी. उतरलेल्या सेलमुळेही असे होते. बऱ्याच गिझरांमध्ये २० मिनिटांनी गिझर आपोआप बंद होण्याची सोय असते. तो बिघाड नव्हे. तो संरक्षणासाठी आहे आणि तो काढून टाकण्याची मागणी कोणी केली तर ती मान्य करू नये.

*पेटताना भडका उडतो.* हा बिघाड हसण्यावारी नेऊ नये. ठिणगी वेळेवर पडत नाही, तोवर गॅस साचतो आणि मग एकदम पेट घेतो. काडीचे अंतर, सेल आणि बर्नरची तोंडे तपासून होईपर्यंत गिझर वापरू देऊ नये.

*नळ बंद केला तरी ज्योत चालूच राहते.* यापेक्षा धोक्याचा बिघाड नाही. आतले पाणी उकळून वाफ धरते. ताबडतोब गॅसचा कॉक बंद करावा. पडदा अथवा त्याची दांडी अडकलेली असते. ती साफ करून किंवा बदलून, नळ दहा-बारा वेळा उघडझाप करून खात्री झाल्याशिवाय गिझर ताब्यात देऊ नये.

*पाणी पुरेसे तापत नाही.* पाण्याचा प्रवाह फार मोठा ठेवला आहे का, उन्हाळा-हिवाळ्याचे बटण उन्हाळ्यावर राहिले आहे का, हे आधी पाहावे. त्यानंतर गॅसचा जोर पाहावा. बोअरवेलच्या जड पाण्याच्या भागात नळीच्या आत चुन्याचा थर बसतो. पाणी कमी येते, कमी तापते आणि आतून करकर आवाज येतो. असा थर सायट्रिक अॅसिडच्या किंवा व्हिनेगरच्या पातळ द्रावणाने काढावा व नंतर भरपूर पाण्याने धुवावे. फरशी साफ करण्याचे कडक अॅसिड घालू नये. ते चुन्याबरोबर तांबेही खाते.

*ज्योत पिवळी होते, काजळी धरते.* या बिघाडाला आम्ही सर्वांत शेवटी आणले, कारण कारागिराने तो सर्वांत आधी पाहिला पाहिजे. निळी आणि स्थिर ज्योत म्हणजे गॅस पूर्ण जळत आहे. पिवळी, लांब, डोलणारी ज्योत म्हणजे हवा कमी पडते आहे. धुळीच्या कणांमुळे मध्येच एखादी नारिंगी ठिणगी चमकते, ती वेगळी. बर्नरच्या हवेच्या तोंडांत धूळ, कापसाचे तंतू किंवा कोळ्याचे जाळे बसते. वरच्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये काजळी साचली की जळलेला वायू वर जाऊ शकत नाही आणि हवा खालून आत येऊ शकत नाही. बर्नर व पत्रे उतरवून मऊ ब्रशने साफ करावेत. पुढच्या झाकणावर किंवा भिंतीवर काळे डाग दिसले तर तो गिझर त्याच दिवशी बंद करावा.

मात्र एक इशारा येथे दिलाच पाहिजे. निळी ज्योत म्हणजे सर्व ठीक, असे समजू नये. बंद खोलीत प्राणवायू घटत असताना ज्योत निळी दिसत असूनही विषारी वायू तयार होऊ शकतो. साफ केलेला गिझर बंद न्हाणीघरात सुरक्षित होत नाही. त्याला जागाच बदलावी लागते.

गिझर कोठे बसवावा

उत्तर सरळ आहे. गिझर न्हाणीघराबाहेर, बाल्कनीत किंवा मोकळ्या हवेच्या डक्टमध्ये बसवावा आणि गरम पाण्याची नळी आत द्यावी. नळी लांब पडली तर तिच्यावर फोमचे आवरण चढवावे. वाऱ्याने ज्योत विझू नये आणि पावसाचे पाणी आत जाऊ नये असा आडोसा करावा, पण तो चारही बाजूंनी बंद नसावा.

गिऱ्हाईक नेहमी याला राजी होत नाही. ‘चाचा, बाल्कनीत बरे दिसत नाही. न्हाणीघरातच लावा, वर खिडकी आहे ना,’ असे घरची सून म्हणते. अशा वेळी वाद न घालता सांगावे, ‘बेटी, थंडीत ती खिडकी तूच बंद करशील. गिझर बाहेर लावतो, पाणी आत तेवढेच गरम मिळेल.’ बहुतेक माणसे कारण कळले की ऐकतात.

जेथे बाहेर जागाच नाही तेथे विजेचा गिझर सुचवावा किंवा गच्चीवर सोय असेल तर सौर हीटर सुचवावा. धुराची नळी नसलेला गॅस गिझर न्हाणीघराच्या आत कोणत्याही कारणाने लावू नये. धुराची नळी असलेला असेल तर ती वरच्या दिशेने, कमीत कमी वळणे घेत थेट बाहेर उघडली पाहिजे. ती कोणाच्या खिडकीशी किंवा पोटमाळ्यावर संपता कामा नये. शिवाय खोलीत खालच्या बाजूला ताज्या हवेसाठी कायम उघडी जाळी हवी. दारे-खिडक्या लावून घेतल्या तर निव्वळ नळीने भागत नाही.

एक्झॉस्ट पंख्याबद्दल मोठा गैरसमज आहे. पंखा लावला म्हणजे धोका टळला असे अनेकांना वाटते. पंखा हवा बाहेर ओढतो, पण तेवढीच हवा आत यायला जागा नसेल तर तो धुराच्या नळीतूनच हवा उलटी खेचतो. बाहेर जाणारा जळका वायू त्यामुळे खोलीत परततो. जोरदार पंखा, बंद दार आणि धुराच्या नळीचा गिझर ही जोडी घातक आहे.

ज्या घरांत गिझर आत बसविलेला आहे आणि लगेच हलविता येत नाही, त्यांना निदान एवढे सांगावे. दार उघडे ठेवून बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा आणि मगच आत जाऊन दार लावावे. हा तात्पुरता उपाय आहे. वस्तीगृहे, लॉज, केशकर्तनालये आणि वजूखाने अशा ठिकाणी एकामागून एक माणसे गिझर वापरतात. तेथे तो आत नसलाच पाहिजे.

गॅसची जोडणी

शेगडीच्या सिलिंडरलाच टी जोडून लांब रबरी नळी भिंतीतून पलीकडे नेण्याची पद्धत फार पसरली आहे. ही पद्धत सोडावी. भिंतीत गेलेली रबरी नळी उंदराने कुरतडली तरी दिसत नाही. लांब पल्ल्यासाठी तांब्याची किंवा लोखंडी पाइपलाइन करावी. जेथे लवचीक नळी लागते तेथे आयएसआय खुणेची सुरक्षा नळी दीड मीटरच्या आत ठेवावी आणि पाच वर्षांनी, किंवा त्याआधी तडा दिसल्यास, बदलावी. गिझरजवळ स्वतंत्र कॉक अवश्य द्यावा.

गळती तपासताना साबणाचा फेस वापरावा. काडी पेटवून पाहणाऱ्या मिस्त्रीला कामावर ठेवू नये. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळलेला गॅस जमिनीलगत व मोरीत साचतो. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका असल्यामुळे छताकडे जातो. ताज्या हवेची जाळी कोठे हवी हे ठरविताना हा फरक लक्षात घ्यावा.

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पाइप गॅस घरोघर आल्यापासून एक नवा बिघाड दिसू लागला आहे. घरगुती एलपीजीचा दाब सुमारे ३० मिलिबार असतो आणि पाइप गॅसचा सुमारे २१ मिलिबार. दोन्ही वायूंची उष्णताही वेगळी. म्हणून दोघांच्या बर्नरचे जेट वेगळे असतात. एलपीजीचा गिझर तसाच पाइप गॅसवर लावला तर ज्योत कमी पडते. पाइप गॅसचा गिझर एलपीजीवर लावला तर ज्योत अंगाबाहेर जाते, काजळी धरते आणि विषारी वायू सोडते. जेटचे भोक सुईने किंवा ड्रिलने मोठे करण्याचा उद्योग करू नये. कंपनीचा योग्य संच मिळत असेल तर बदलावा, नसेल तर गिझर बदलण्यास सांगावे.

कडक थंडीत सिलिंडर संपत आला की गॅसचा जोर कमी होतो. तेव्हा सिलिंडर गरम पाण्यात ठेवणे किंवा आडवा करणे हे दोन्ही प्रकार जिवावर बेतू शकतात. दुकान, हॉटेल व लॉजसाठी १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर न वापरता १९ किलोचा व्यापारी सिलिंडर घ्यावा.

वर्षातून एकदा

पावसाळा संपल्यावर आणि थंडी सुरू होण्याआधी प्रत्येक गिझर एकदा उघडून पाहिला पाहिजे. सेल बदलावेत, पाण्याची जाळी धुवावी, बर्नर व तांब्याचे पत्रे साफ करावेत, ठिणगीची व सेन्सरची काडी पुसावी, नळ्यांना फेस लावून पाहावा. धुराच्या नळीचे बाहेरचे तोंड अवश्य पाहावे. तेथे कबुतरे व चिमण्या घरटी करतात आणि गांधीलमाश्या पोळी बांधतात. काम झाल्यावर गिझर दहा मिनिटे चालवून ज्योतीचा रंग पाहावा.

आमची सूचना अशी की प्रत्येक कारागिराने एक छोटे कार्ड छापून घ्यावे. त्यावर तारीख, केलेले काम, सेल कधी बदलले, नळी कधी बदलली आणि गिझरच्या जागेबद्दल दिलेला इशारा लिहावा. एक प्रत गिऱ्हाईकाला द्यावी, एक आपल्याकडे ठेवावी. पुढच्या वर्षी त्याच कार्डावरून फोन करता येतो आणि हंगामाआधीच काम मिळते. दुरुस्तीची वाट पाहणाऱ्यापेक्षा देखभालीचे काम धरणाऱ्या कारागिराचा धंदा अधिक स्थिर असतो.

दुर्घटना घडल्यास

कोणी न्हाणीघरात बेशुद्ध पडले तर दार उघडून आधी त्याला मोकळ्या हवेत आणावे. आत जाणाऱ्याने श्वास रोखून जावे आणि तेथे रेंगाळू नये. गिझर व गॅस बंद करावा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास थांबला असेल आणि कोणास कृत्रिम श्वास देता येत असेल तर तो द्यावा.

रुग्णालयात पोहोचताच ‘न्हाणीघरात गॅस गिझर चालू होता’ हे वाक्य सर्वप्रथम डॉक्टरांना सांगावे. बोटाला लावण्याचे साधे ऑक्सिमीटर अशा रुग्णात फसवे आकडे दाखविते. विषारी वायू चिकटलेले रक्तही त्याला प्राणवायू असलेले वाटते. डॉक्टरांना कारण कळले तर ते ताबडतोब पूर्ण प्राणवायू सुरू करतात. शुद्धीवर आला म्हणून रुग्णाला परस्पर घरी आणू नये.

न जळलेल्या गॅसची गळती असेल तर विजेची बटणे दाबू नयेत, दारे-खिडक्या उघडाव्यात, सिलिंडर बंद करावा आणि बाहेर येऊन १९०६ या एलपीजी गळतीच्या क्रमांकावर कळवावे.

दुकानदार आणि कारागिराची जबाबदारी

दुकानदाराने आयएसआय खूण असलेलाच गिझर विकावा. लहान एलपीजी गिझरसाठी आयएस १५५५८ हे मानक आहे. खूण नसलेला स्वस्त माल दोन पैसे जास्त सुटतात म्हणून ठेवू नये. विकताना गिऱ्हाईकाला एवढा एक प्रश्न विचारावा : हा लावणार कोठे? उत्तर ‘न्हाणीघरात’ असे आले तर विजेचा गिझर दाखवावा. विक्री दुकानातच राहते आणि गिऱ्हाईकही.

कायद्याचीही बाजू आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यात सदोष वस्तू किंवा सदोष सेवेमुळे होणाऱ्या हानीची जबाबदारी बनविणाऱ्याबरोबरच विकणाऱ्यावर आणि सेवा देणाऱ्यावरही येऊ शकते. हयगयीमुळे कोणाचा मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. ‘गिऱ्हाईकानेच तेथे लावायला सांगितले’ हे उत्तर कारागिराला वाचवील, या भरवशावर राहू नये.

परंतु कायद्याच्या भीतीपेक्षा कारागिराची स्वतःची नियत मोठी आहे. गिऱ्हाईकाला हवेचा हिशेब येत नाही, तो कारागिराला येतो. म्हणूनच तो त्याला घरात बोलावतो आणि आपल्या मुलाबाळांची सुरक्षितता त्याच्या हाती सोपवितो. ही अमानत आहे. एखादे काम चुकीच्या जागेमुळे नाकारावे लागले तर त्या दिवसाची मजुरी जाईल. मोहल्ल्यात मात्र नाव राहील की अमुक मिस्त्री पैसे मिळत असूनही चुकीचे काम करीत नाही. असे नाव कमवायला वर्षे लागतात आणि ते कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त कामे आणते.

येत्या हंगामात आमच्या कारागीर बंधूंनी हातात पाना घेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात : या ज्योतीला हवा कोठून येते आणि हिचा धूर कोठे जातो? दोन्हींचे उत्तर बोट दाखवून देता आले तरच गिझर चालू करावा.